विमान आणि खाली उभी माणसे

जुन्या विमानांची छायाचित्रे जमवणाऱ्या लोकांची एक स्वतंत्र जमात आहे. साहित्याच्या प्रांतात तिची दखल कुणी घेतलेली नाही. घेण्याचे कारणही आजवर नव्हते, कारण हे लोक स्वतःला लेखक म्हणवत नाहीत आणि कलावंत तर मुळीच नाही. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या या संग्रहाभोवती आठवणींचे एक मोठे वाङ्मय साचले आहे. एक करडे छायाचित्र, खाली विमानाची जात, त्याची नोंदणी-अक्षरे, ठिकाण, साल, आणि मग दोन-चार परिच्छेद: आम्ही तेव्हा शाळेत होतो, सायकलवरून तळाच्या कुंपणापर्यंत जात होतो, पंख्याचा आवाज ऐकून विमान ओळखत होतो, ते दिवस गेले. हा मजकूर इतका एकसाची झाला आहे की एक वाचला म्हणजे दहा वाचल्यासारखे होते. ज्या प्रकाराला साचा येतो त्याला समीक्षाही लागते, एवढ्याच अधिकाराने हे लिहितो आहे. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा वाचकांनी यात फार तिखट शोधू नये; पण चकलीत थोडे तिखट असतेच.

प्रथम या मंडळींचे जे श्रेय आहे ते मोकळेपणाने द्यावे. विमानाच्या अंगावरची अक्षरे नेमाने टिपून ठेवणे हा वरवर पोरकट वाटणारा उद्योग आहे. प्रत्यक्षात ती अक्षरे म्हणजे विमानाचे नाव, गाव आणि कुळ. भारतीय विमानावर आरंभी 'व्हीटी' ही दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा लावून त्यावर संतापण्याची आपल्याकडे अधूनमधून लाट येते. वस्तुतः १९२७ च्या वॉशिंग्टन येथील रेडिओ परिषदेत देशोदेशींना संकेताक्षरे वाटली गेली, त्यात भारताच्या वाट्याला जो गट आला त्यातली ती आहेत. पुढची तीन अक्षरे त्या एका विमानाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते 'पस मॉथ' विमान 'व्हीटी-एडीएन' होते, हे आज कुणालाही सांगता येते याचे कारण अशाच टिपणाऱ्यांनी ते टिपले. इंग्लंडमध्ये या छंदासाठी १९५० पासून खिशात मावतील अशी पुस्तके निघू लागली. तीत अक्षरे छापलेली असत, आणि विमान दिसले की पोरे त्यावर रेघ मारीत. रेघ मारण्यात कसला आलाय आनंद, असे विचारणाऱ्याने लहानपणी काड्यापेट्यांची चित्रे जमवलेली नसावीत.

श्रेय दिले, आता तक्रार. या संग्रहातली बहुसंख्य छायाचित्रे एकाच पद्धतीची असतात. विमान आडवे उभे, नाक डावीकडे किंवा उजवीकडे, ऊन पाठीमागून, शेपटीपासून नाकापर्यंत सगळे अंग चौकटीत, अक्षरे स्पष्ट, आणि माणूस एकही नाही. माणूस आलाच तर तो चुकून, आणि मग संग्राहक त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, श्रीगोंदे तालुक्यात काष्टीचा जनावरांचा बाजार भरतो. तिथे बैल असाच पाहतात: आडवा उभा करून, शिंगापासून खुरापर्यंत. दात मोजतात, वशिंड चाचपतात. सौदा करायला ही दृष्टी उत्तम आहे. पण ज्या घरातून तो बैल आला त्या घरातल्या बाईने निघताना त्याच्या कपाळाला कुंकू लावले की नाही, हे त्या पाहणीत कळत नाही. विमानवेड्यांच्या छायाचित्रांत सौद्याची दृष्टी आहे आणि आठवणीत मात्र घरातल्या बाईचे रडणे आहे. चित्र आणि मजकूर यांची ही फारकत मला या साऱ्या वाङ्मयाचा मूळ दोष वाटते.

हा दोष केवळ अभिरुचीचा नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण आपल्या देशाच्या कायद्यात सापडते. आपल्या जुन्या विमानांची चांगली छायाचित्रे पाहिली तर त्यांतली कितीतरी हीथ्रोवर, जिनिव्हात, परक्या तळांवर परक्या माणसांनी काढलेली आढळतात. हीथ्रोच्या क्वीन्स बिल्डिंगच्या गच्चीवर १९५५ पासून लोकांना बसून विमाने पाहण्याची सोय होती. तिथली पोरे डबे घेऊन दिवसभर बसत. आपल्याकडे १९३७ च्या विमान-नियमांतला तेरावा नियम असा, की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र काढू नये. कायदा इंग्रजांनी केला, स्वातंत्र्यानंतर आपण तो जसाच्या तसा जपला. पाटी वाचून माणसे निमूटपणे कॅमेरा पिशवीत घालीत. परिणाम असा, की ज्या राण्यांची नावे आपण विमानांना दिली, त्या राण्यांच्या तसबिरी परक्याच्या घरी टांगलेल्या आणि आपल्या घरी नुसत्या आख्यायिका.

या निषेधाच्या पाटीचेच एक छायाचित्र आहे, आणि माझ्या मते भारतीय विमानतळावर काढलेले ते सर्वांत अर्थपूर्ण छायाचित्र आहे. काढले होमाई व्यारावाला यांनी. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि 'डालडा १३' या गमतीच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाई आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९५० च्या दशकात दिल्लीच्या पालम विमानतळावर पंतप्रधान नेहरू आपल्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहत उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी पाटी आहे: छायाचित्रण सक्त मना आहे. एवढेच चित्र. त्यात विमान नाही. पण विमानतळ म्हणजे काय, हे त्यात जितके आहे तितके शंभर आडव्या विमानांत नाही. विमानतळ ही मुळात वाट पाहण्याची जागा आहे. देशाचा सर्वांत मोठा अधिकारी तिथे एखाद्या भावासारखा तिष्ठत उभा आहे. नियम त्याच्या कोपराशी आहे. आणि बाईंनी नियम मोडून तो नियमच टिपला आहे. विनोद इतका सहज आहे की त्याखालची धिटाई आधी लक्षातच येत नाही. या बाईंनी १९७० साली कॅमेरा खाली ठेवला, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, २०१२ च्या जानेवारीत त्या वारल्या. त्यांच्या कामाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. पण विमानवेड्यांनी या चित्राला आपल्या संग्रहात कधी जागा दिलेली मला दिसली नाही, कारण त्यात अक्षरे वाचता येतील असे विमान नाही.

नेहरूंचे नाव निघाले की नगरच्या माणसाला किल्ला आठवतो. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत ते आमच्या भुईकोटात बंदी होते, आणि तिथे लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथाचा आरंभ चंद्रापासून होतो. मौलाना आझाद त्याच किल्ल्यात आपल्या खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांना दाणे टाकीत आणि त्यांच्या लीलांवर पत्रे लिहीत. ती पुढे 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात आली. कॅमेरा नसलेल्या माणसाचे आकाशनिरीक्षण किती बारीक होऊ शकते याचा हा नमुना. चिमणीची जात, लांबी आणि वजन एवढेच टिपून आझाद थांबले असते तर ते पत्र आज कुणी वाचले असते का?

कुणी म्हणेल की आपल्याकडेही विमानांचे फोटो पुष्कळांनी काढले; नियमाला न जुमानता, तळाच्या बाहेरून, गच्चीवरून. काढले खरे. ते कसे निघत याचे गणित एकदा मांडण्यासारखे आहे. १९६० नंतरच्या मध्यमवर्गीय घरांत जो कॅमेरा शिरला तो आग्फाचा 'क्लिक थ्री'. एका रोलवर बारा फोटो, प्रत्येक सहा सेंटिमीटर चौरस. भिंग साधारण साडेबहात्तर मिलिमीटरचे. डाकोटा विमानाच्या पंखांची रुंदी २९ मीटर. असे विमान एक किलोमीटरवरून जात असेल तर फिल्मवर त्याची प्रतिमा सुमारे दोन मिलिमीटर पडते. दोन मिलिमीटर म्हणजे बाजरीचा दाणा, तोही किरकोळ. त्यात डाकोटा सेकंदाला पाऊणशे मीटर जाते. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात ते अडीच मीटर पुढे सरकलेले असते. म्हणजे बाजरीचा दाणा आणि तोही थोडा फराटलेला. बारा फोटोंच्या रोलचे पैसे वडिलांकडून मागून घेतलेले असत. त्यांतले तीन फोटो अशा दाण्यांवर खर्च झालेले पाहून घरात जे काही बोलले जाई ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नसे.

तरी हे फसलेले फोटो मला त्या आडव्या, निर्दोष फोटोंपेक्षा अधिक मोलाचे वाटतात, आणि हा माझा लहरी पक्षपात आहे असे मला वाटत नाही. विमान दोन मिलिमीटरचे असल्यामुळे उरलेल्या अठ्ठावन्न मिलिमीटरांत दुसरे काहीतरी येणे भागच असते. त्यात तारायंत्राच्या तारा येतात, लिंबाचा शेंडा येतो, गच्चीवर वाळत घातलेले धोतर येते, कडेला कुणाचा तरी वर केलेला हात आणि उघडे तोंड येते. छायाचित्रकाराला हवे होते ते बारीक झाले आणि नको होते ते सगळे राहिले. साठ वर्षांनी पाहताना हवे-नको यांची अदलाबदल झालेली असते. डाकोटा कशी दिसते हे जगातल्या शेकडो पुस्तकांत आहे. १९६३ सालच्या एका गच्चीवर काय वाळत होते हे फक्त या एकाच फोटोत आहे.

आणि ज्याचा फोटो निघणेच शक्य नव्हते अशा एका विमानाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या जिल्ह्यापुरते तरी तेच खरे जुने विमान. १९४९ च्या जानेवारीत आपल्या देशात रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या तळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परतत. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे शाळेच्या भूगोलातले वाक्य इतक्या अक्षरशः दुसऱ्या कशानेही खरे झाले नसेल. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटले जाई, आणि त्यासाठी साध्या पत्राला जादा आकार नसे. १९७३ सालापर्यंत हा क्रम चालला.

आता नकाशा घेऊन मुंबईपासून नागपूरपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढावी. ती सह्याद्री ओलांडून अकोले, संगमनेरच्या बाजूने येते आणि राहाता-श्रीरामपूरच्या परिसरावरून गोदावरीकडे निघून जाते. विमाने काही पट्टीने आखल्यासारखी उडत नाहीत, वारा आणि ढग त्यांना इकडेतिकडे नेतात. पण उत्तर नगर जिल्हा त्या वाटेखाली होता एवढे निश्चित. हा प्रवरेच्या पाटपाण्याचा, उसाचा मुलूख. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. पाटाचे पाणी पाळीने मिळे आणि पाळी पुष्कळदा रात्रीची येई. कंदील बांधावर ठेवून, चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभा राहून दारे धरणारा माणूस आणि त्याच्या डोक्यावरून अंधारात घरघरत जाणारे टपाल, हे दृश्य कुठल्याही छायाचित्रात नाही. आमच्याकडची वडीलधारी माणसे त्या आवाजावर वेळ सांगत. "टपाल गेलं, आता उठवा त्याला," असे म्हणून पुढच्या पाळीच्या गड्याला उठवले जाई. विमान कुठल्या जातीचे, त्याची अक्षरे कोणती, याची कुणाला गरज नव्हती. घड्याळ घेण्याइतके पैसे नसलेल्या माणसाला सरकारने आकाशातून एक ठोका दिला होता. ढगाळ रात्री तो आला नाही की म्हातारी माणसे अस्वस्थ होत. विमानाच्या काळजीने की पाळी चुकेल या काळजीने, हे कुणी वेगळे करून पाहिले नाही.

विमाने पाहण्याच्या आठवणींत ही आठवण कुठेच बसत नाही. तिला अक्षरे नाहीत, चित्र नाही, तळाचे कुंपण नाही, हातात वही घेतलेला मुलगा नाही. हे वाङ्मय शहरी आहे, आणि तेही मुंबईतल्या विलेपार्ल्याचे किंवा पुण्यातल्या लोहगावच्या वाटेवरचे. ज्यांना विमान जवळून दिसत होते त्यांनीच विमानाच्या आठवणी लिहाव्यात असा एक अलिखित दंडक झालेला दिसतो. ज्यांना ते फक्त ऐकू येत होते त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर चालल्या आहेत. १९७३ साली दारे धरणारा पंचविशीतला गडी आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे.

खरे तर मराठी माणसाला विमान हा शब्द यंत्राच्या कितीतरी आधी मिळाला. तुकोबांना न्यायला विमान आले हे आमच्या आजीला डाकोटापेक्षा अधिक पक्के माहीत होते. प्रभात कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला तेव्हा ते विमान पडद्यावर प्रत्यक्ष आणावे लागले. दामले आणि फत्तेलाल यांनी गरुडाच्या रूपातले विमान आकाशात चढवले. आजच्या डोळ्यांना त्यातली युक्ती दिसते, तरी प्रसंग अजून अंगावर येतो. का येतो? माझे उत्तर असे, की दिग्दर्शकांचे लक्ष विमानावर जितके आहे तितकेच खाली राहिलेल्या माणसांवर आहे. संसारात गुंतलेली आवली मागे राहते. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम वर जातात ते आपण तिच्या बाजूने पाहतो, म्हणजे खालून, मान वर करून. विमान उडताना दाखवायचे असेल तर जमीन दाखवली पाहिजे, हे प्रभातच्या मंडळींना १९३६ साली कळले होते. आडव्या विमानांच्या संग्राहकांना ते अजून कळायचे आहे.

स्मरणरंजनावरचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'मलबार प्रिन्सेस'चे छायाचित्र या संग्रहांत हमखास असते. ८ जून १९४८ रोजी हेच विमान मुंबईहून लंडनला निघाले आणि एअर इंडियाची परदेशची वाट खुली झाली. चित्राखाली वैभवाचे चार शब्द असतात, त्या काळच्या आतिथ्याचे वर्णन असते, आणि तिथेच मजकूर संपतो. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि आतली ४८ माणसे मेली, हे सांगायची जागा कुणी ठेवत नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे बोइंग आदळले; त्यातल्या ११७ जणांत होमी भाभा होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री 'सम्राट अशोक' मुंबईहून उडाले आणि वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. जुने दिवस सुंदर होते असे म्हणताना ते धोक्याचे होते हे लपवले, तर त्या विमानांत बसणाऱ्यांच्या धैर्याचीच आपण किंमत कमी करतो. ज्या आईने १९६६ नंतर मुलाला विमानात बसवून परदेशी पाठवले तिने हार घालताना काय गिळले असेल, हे कळायला तो पर्वत मजकुरात असावा लागतो.

त्या पर्वताने आपले काम मात्र चोख केले आहे. तिथली हिमनदी इंच-इंच खाली सरकते आणि पोटातले एकेक बाहेर टाकते. २०१२ साली तिथे 'कांचनजंगा'तली भारत सरकारची टपालाची थैली सापडली. २०२० च्या उन्हाळ्यात भारतीय वर्तमानपत्रे सापडली. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी त्यांवर वाचता येत होती. चोपन्न वर्षे बर्फाने आपली वर्तमानपत्रे सांभाळली. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकांत त्याच वर्षाचे काय उरले आहे ते ज्याने त्याने उघडून पाहावे. निगेटिव्हना आंबूस वास येऊ लागतो, त्या वेटोळ्या होतात, एकमेकींना चिकटतात. आणि घरातला जाणता माणूस गेला की सगळे बोचके रद्दीच्या तराजूत पडते. तिथे छायाचित्राचा भाव कागदाहून कमी, कारण चकचकीत कागद दुकानदाराला नको असतो.

जे वाचते त्याच्यावर हल्ली दुसरीच आपत्ती येते. संगणकाला जुने चित्र दिले की तो ओरखडे पुसतो, धूसर चेहरे घासून-पुसून नवे करतो, करड्याचे रंगीत करतो. रंग अर्थातच अंदाजाचे. चेहरेही अंदाजाचे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अशा एका चित्रात विमानाची शेपूट स्वच्छ व्हावी म्हणून तिच्यासमोर उभा असलेला हमाल सफाईने नाहीसा केलेला मी पाहिला. काढणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. टाटांच्या १९३२ च्या उड्डाणात अहमदाबादला विमान थांबले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. मला कुणी 'पस मॉथ'ची दहा लखलखीत चित्रे देऊ केली तर ती सगळी देऊन त्या बैलगाडीचे एक खराब चित्र मी घेईन. पण ते मिळाले तर कुणीतरी आधी त्यातली बैलगाडी पुसून टाकील अशी भीती वाटते. स्वतः टाटांना स्मरणरंजनाची एक निराळी रीत साधली होती. १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जुने 'लेपर्ड मॉथ' विमान घेतले आणि कराची ते मुंबई ती वाट एकट्याने पुन्हा उडून पाहिली. आठवण सांगत बसण्यापेक्षा हे बरे. अर्थात ज्याच्याजवळ विमान आहे त्याला.

जुनी यंत्रे जपण्याचे प्रयत्न आपल्याकडे अगदीच झाले नाहीत असे नाही. पालमला हवाई दलाचे संग्रहालय १९६७ पासून आहे. गोव्यात बोगमाळोला नौदलाचे संग्रहालय १९९८ साली उघडले. तिथे एअर इंडियाची एके काळची 'रानी ऑफ एलोरा' ही सुपर कॉन्स्टेलेशन उभी आहे. प्रवाशांची सेवा संपल्यावर ती हवाई दलात गेली, १९७६ साली नौदलात आली आणि आता समुद्राचा खारा वारा खात उघड्यावर आहे. आमच्या नगरला रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ साली झाले. रणगाडा जमिनीवरच शोभतो, त्यामुळे तिथे पाहणाऱ्याला काही उणे वाटत नाही. जमिनीवर खिळलेले विमान पाहताना मात्र नजर त्याच्यावरून निसटून वर जाते. हा संग्रहालयाचा दोष नव्हे.

नगर जिल्ह्याला प्रवासी विमान १ ऑक्टोबर २०१७ रोजी मिळाले. कोपरगाव तालुक्यात काकडी येथे शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. धावपट्टी अडीच हजार मीटरची. रात्रीच्या टपालाचा आवाज जिथे ऐकू येई त्याच टापूत आता विमान उतरते. फोटो काढण्याचे म्हणाल तर २००४ पासून प्रवाशांना विमानातून फोटो घेण्याची मुभा झाली. लोहगावसारख्या लष्करी तळांवर बंदी आहे आणि ती समजण्याजोगी आहे. सीमेवर तणाव असता लष्करी तळाभोवती दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्याकडे पोलिसांनी संशयाने पाहू नये असे कोण म्हणेल? ग्रीसमध्ये २००१ साली कालामाता येथे बारा इंग्रज आणि दोन डच विमानवेड्यांना हेरगिरीच्या आरोपावरून पकडले, शिक्षाही झाली आणि मग वरच्या न्यायालयात १२ महिन्यांनी ते सुटले. विमानाची अक्षरे लिहून घेण्यासाठी माणसे इतक्या दूर जातात हे तिथल्या न्यायाधीशांना आधी खरेच वाटेना.

राहता राहिला एक प्रकार, ज्याला विमानवेडे आपला मानत नाहीत आणि ज्याचा संग्रह करावा असे कुटुंबांनाही सुचत नाही: निरोपाचे फोटो. मुलगा जर्मनीला यंत्रविद्या शिकायला निघाला, डॉक्टर झालेली भाची विलायतेला निघाली, की सबंध घर सांताक्रुझला लोटे. गळ्यात दोन-दोन हार, हातात नारळ, नव्या कोटाखाली घाम, मागे कुठेतरी विमानाचा तुकडा. मराठीतले विमानाचे खरे छायाचित्रण हे आहे असे माझे मत आहे. त्यात कला नाही, चौकट वाकडी असते, अर्ध्यांचे डोळे मिटलेले असतात. पण चित्र आणि आठवण यांची जी फारकत मी आरंभी सांगितली ती इथे नाही. दोष असला तर तो पाठीमागच्या मजकुराचा. विमानवेडा फोटोमागे विमानाची अक्षरे लिहितो आणि माणसांची नावे लिहीत नाही, कुटुंबातला माणूस "चि. अण्णाचे प्रयाण" एवढे लिहितो आणि विमान, तारीख दोन्ही सोडतो. या दोन जमातींची गाठ पडली तर दोघांचेही काम होईल.

एकदा तशी ती पडलेली मी पाहिली. श्रीरामपूरच्या एका घरातला फोटो होता. सहा माणसे, मागे विमानाच्या मधल्या अंगाचा थोडा भाग आणि शेपटीचे तीन पंख. साल कुणालाच आठवत नव्हते. घरात त्यावरून दोन पक्ष होते. विमानांचा नाद असलेल्या एका तरुणाला तो दाखवला. तो म्हणाला, तीन शेपट्या म्हणजे कॉन्स्टेलेशन. पण खिडक्या चौकोनी आहेत, साध्या कॉन्स्टेलेशनच्या गोल असत, तेव्हा ही सुपर, म्हणजे १९५४ च्या आधीची नव्हे. त्यावरून अण्णांच्या पदवीचे साल जुळले, वाद मिटला, घरात चहा झाला. मग त्या तरुणाने पाटी घेतली आणि माणसांची नावे विचारायला सुरुवात केली. पाच जणांची सांगता आली. सहावी, डाव्या कडेची, नऊवारीतली बाई कॅमेऱ्याकडे पाहतच नाही. कपाळावर आडवा हात धरून ती वर, चौकटीच्या बाहेर, कुठल्यातरी दुसऱ्याच विमानाकडे पाहते आहे. घरातल्या सर्वांत थोरल्या आत्याबाईंनी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिले. "आपल्यातली नव्हे ही," त्या म्हणाल्या, "पण पदर बघ किती नीट घेतलाय."